लेकरं कुणापाशी?

आजीला सनावळी कळत नव्हती. तिचं सगळं मोजमाप कारखान्यांवर. धाकटा चुलता श्रीरामपूरकडच्या फडात झालेला, आत्या परतीच्या वाटेत, पाथर्डीच्या अलीकडं, बैलगाडीच्या आडोशाला. माझं वय कुणी विचारलं तर म्हणायची, ‘ह्याचा बाप सांगलीच्या अंगाला पहिल्यांदा गेला, त्या साली ह्यो रांगत व्हता.’ शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जून आहे. वर्गातल्या निम्म्याअधिक पोरांची तीच होती. मास्तरांनी एका बैठकीत आम्हा सगळ्यांना जन्माला घातलं.

आमचं गाव बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातलं, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं. वीतभर मातीखाली मुरूम. बाजरी, तूर, पाऊस झालाच तर कापूस, आणि दिवाळीनंतर रानात करायला काही नाही. दसरा झाला की गावात ट्रक येतात, ट्रॅक्टर येतात. आठ-पंधरा दिवसांत गाव रिकामं. दारांना कुलपं, उंबऱ्यावर म्हाताऱ्या, चावडीसमोर कुत्री. बीड जिल्ह्यातून दर हंगामाला काही लाख माणसं अशी उसाच्या फडात जातात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. परततात ती पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचं गाळप थांबल्यावर, चैत्राच्या आगेमागे.

आजीच्या गोष्टी आम्ही ऐकल्या त्या या रिकाम्या गावात. त्यात भुतं होती, मुकादम होते, फडात पिलं घातलेली वाघीण होती (आजी बिबट्याला वाघच म्हणायची). पण कुणी दुसरी म्हातारी तिचा अनुभव सांगू लागली की आजी मध्येच थांबवून विचारायची, ‘तव्हा लेकरं कुणापाशी व्हती?’ ते कळल्याशिवाय तिला पुढची गोष्ट ऐकवायची नाही. लहानपणी मला ही म्हातारपणाची खोड वाटायची.

तिच्या स्वतःच्या गोष्टीची सुरुवात मिलोच्या सालापासून. मिलो म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, १९७२च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली. भाकरी थापता यायची नाही, तव्यावर फुटायची. आजी-आबा खडी फोडायला जात, नंतर पाझर तलावाच्या कामावर. कामावर सुकडी मिळायची, म्हणून लेकरंही बरोबर. वडील तेव्हा अकरा वर्षांचे. त्यांना आम्ही दादा म्हणतो. धाकट्या भावाला टोपलीत घालून झाडाखाली राखण बसायचं, हे दादांचं पहिलं काम. त्या साली एक बैल दावणीला मेला, दुसरा आबांनी बाजारात मिळेल त्या भावाला दिला. पुढच्या वर्षी पाऊस पडला, पण औताला बैल नाही. तेव्हा मुकादम आला. त्यानं बैलजोडीपुरती उचल दिली. उचल म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम. कारखाना मुकादमाला देतो, मुकादम माणसांना, आणि फिटते ती ऊस तोडून. आबांनी बैल आणले आणि त्याच बैलांनी आम्हाला नगरकडं ओढून नेलं. दुष्काळ सरला, उचल मात्र पन्नास वर्षं झाली तरी घरातून गेली नाही.

प्रवासाची गोष्ट आबांची. पाच मुक्काम. गाडीत बाजरीचं पीठ, चुलीसाठी तीन दगड (‘तिकडं दगुड भेटत न्हाईत, काळी माती सगळी’), कोंबड्या, आणि वर लेकरं. वाटेत मोहट्याच्या देवीला नारळ. नगर मागं पडून पाट लागला की बैलसुद्धा पाय उचलायचे, म्हणे. दादांना आठवतं ते पाटाचं पाणी: एवढं पाणी कुणी न बघता वाहतं, याचंच त्यांना नवल.

त्या पाटाच्या पाण्यावर एक वेगळा महाराष्ट्र उभा राहत होता. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचे शेअर गोळा करून, धनंजयराव गाडगिळांना बरोबर घेऊन, सहकारी साखर कारखाना काढला. १९५०च्या सुमाराला त्याचा पहिला हंगाम निघाला. पुढं त्या नमुन्यावर कारखानेच कारखाने झाले. ही गोष्ट मी शाळेत अभिमानानं वाचली आहे, आणि ती अभिमानाचीच आहे. साखरेच्या पैशातून शाळा निघाल्या, कॉलेजं निघाली, वसतिगृहं, दवाखाने. सभासदाचं पोर इंजिनिअर झालं. फक्त त्या शाळेच्या कंपाउंडाबाहेर, पाचटाच्या कोपीत, ज्यांच्या आईबापांनी तो ऊस तोडला ती पोरं राहत होती. त्यांना कुणी हाकललं नाही. ती कुणाच्या हिशेबातच नव्हती. सहकारात सभासद मोजला जातो, ऊस टनावर मोजला जातो, तोडणारा कोयत्यावर. पोरं मोजायला एकक नव्हतं.

‘कोयता’ हा शब्द नीट कळला पाहिजे. बाहेरच्याला वाटतं हत्यार. आमच्याकडं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पुरुषानं तोडायचं, बाईनं वाढं छाटून मोळी बांधायची, दोघांनी वाहायची. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, उचलही अर्धी. दिवसाकाठी एक जोडी दीड-दोन टन तोडते. आणि तोडलेला ऊस थांबत नाही. तुटल्यापासून त्यातली साखर घटायला लागते, एका दिवसाच्या आत तो गव्हाणीत पडला तर उतारा नीट मिळतो. म्हणून फड पहाटे तीन-चारला सुरू होतो, आणि ट्रक रात्री बाराला आला तर भरणीही रात्री बाराला. कारखान्याची सगळी घाई शेवटी कोपीतल्या झोपेवर येऊन बसते. आईबाप भरणीला गेले की कोपीत एकतर लेकरं एकटी, नाहीतर थंडीत फडाच्या कडेला पाचटात निजवलेली.

आजीनं धाकट्या चुलत्याच्या पायाला कासरा बांधून दुसरं टोक गाडीच्या चाकाला बांधलं होतं. तीन हंगाम. ‘जनावरावानी?’ मी एकदा विचारलं. ती म्हणाली, ‘जनावराला दोरी त्ये पळू नाई म्हणून. ह्याला व्हती त्यो उसात शिरू नाई म्हणून.’ मग तिनं शेजारच्या कोपीतल्या बाईची गोष्ट सांगितली. तिनं दोरी बांधली नव्हती. तिचं लेकरू पाचटात झोपलं होतं आणि अंधारात ट्रॅक्टर मागं आला. आजी त्या बाईचं नाव कधी घेत नसे. गोष्ट एवढीच, आणि ती सांगून झाली की उठून शेळ्यांकडं जायची.

आईचं लग्न १९८०चं. तिला आम्ही माय म्हणतो. ती तेव्हा चौदा वर्षांची असावी. लग्नाच्या दोनच वर्षं आधी, १९७८ साली, कायद्यानं मुलीचं वय पंधराचं अठरा केलं होतं. शारदा कायद्यापासून, म्हणजे १९२९पासून, ते वर सरकत होतं, पण आमच्या डोंगरावर ती बातमी पोचली नव्हती. पोचली असती तरी काय? मायच्या माहेरी तिला ठेवायला कुणी नव्हतं. आईबाप फडात, आजी मेलेली. तरण्याताठ्या पोरीला रिकाम्या गावात एकटी ठेवायची की फडात न्यायची, जिथं दाराला कडी नाही, कारण दारच नाही? न्हाणीसुद्धा चार काठ्यांना गुंडाळलेलं लुगडं. इकडं दादा एकोणीसचे, अर्धा कोयता म्हणून दोन हंगाम दुसऱ्यांच्या टोळीत राबलेले. दोन्ही घरांची अडचण एका लग्नात सुटली. मायला हे सगळं कुणी समजावून सांगितलं नाही. ती सांगते, ‘लुगडं नेसवलं, त्येच्या पंधराव्या दिशी हातात कोयता दिला. लुगडं लई लांब व्हतं, फडात अडकायचं.’

आमच्याकडं अशा घाईच्या लग्नाला पुढं ‘गेटकेन’ म्हणू लागले. गेटकेन हा कारखान्याचा शब्द: कारखान्याच्या हद्दीबाहेरचा, थेट गेटवर आणून टाकलेला ऊस. तसं फडातच ठरवून, जवळच्या देवळात हार घालून उरकलेलं लग्न ते गेटकेन. लोक हसत हसत म्हणतात.

पुढं आबांचे गुडघे गेले आणि आजी गावात राहिली. तिच्या प्रश्नाला ती स्वतःच उत्तर झाली. दोन चुलते, आत्या आणि आम्ही मिळून आठ नातवंडं, दीड खणाचं घर. पीठ, मीठ, तेल मोजून ठेवून माणसं जायची. जायची ती रात्री, आम्ही झोपल्यावर. सकाळी उठलो की मायच्या जागी गोधडीची घडी. पहिले तीन-चार दिवस कुणी जेवायचं नाही, आजीही आग्रह करायची नाही. पाचव्या दिवशी ती चुलीत लसूण भाजायची आणि त्या वासानं सगळे आपोआप चुलीभोवती यायचे. आजारी पडायचं नाही, हा तिचा एकच कायदा. आम्ही मात्र तिच्यापेक्षा हुशार. सातवीत असताना मी ताप लपवला होता, कारण आजीला तालुक्याला चालत न्यावं लागलं असतं. आता वाटतं, लेकरांनी शहाणं होणं हीसुद्धा एक हानीच; पण तेव्हा सगळं गाव मला शहाणा म्हणत होतं आणि मला ते आवडत होतं.

चैत्रात माणसं परतायची. एका साली धाकटा भाऊ मायला बघून आजीच्या पदराआड लपला. माय ओट्यावर बसून राहिली. पाणीसुद्धा मागितलं नाही. संध्याकाळी तिनं ट्रंकेतून लेमनच्या गोळ्या काढल्या आणि त्याच्याकडं न बघता शेजारी ठेवल्या, पाखराला दाणे टाकावेत तशा.

आता ताईची गोष्ट. ही आजीनं कधी सांगितली नाही.

ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. १९९२ साली आणखी एक भाऊ झाला, अंगावरचा, त्याला आजीपाशी ठेवता येणार नव्हतं. फडात त्याला कोण सांभाळणार? ताई चौथी पास झाली होती, वर्गात दुसरी आली होती. मी पहिलीत. त्या दसऱ्याला ताई ट्रकमध्ये बसली. एका हंगामापुरतीच जायची होती. चैत्रात परत आली तेव्हा पाचवीची परीक्षा तोंडावर. मास्तरांनी नाव ठेवलं होतं पटावर, पण पुढच्या दसऱ्याला पुन्हा तेच. भाऊ चालायला लागला म्हणून तो उसात शिरण्याची भीती आणखी. तिसऱ्या साली तिला मोळी बांधता यायला लागली, आणि ज्याला मोळी बांधता येते त्याला शाळेत पाठवणारा फडात अजून जन्मायचा आहे. पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं. कुठं झालं हे वेगळं सांगायला नको.

मी पुण्याला शिकायला गेलो, नोकरी लागली. आजीच्या शेवटच्या आजारपणात मी आणि ताई तिच्या उशाशी होतो. आजी जुन्या गोष्टी बरळायची, नावं एकमेकांत मिसळायची. एका रात्री ताईनं सहज विचारलं, ‘आज्जे, त्या साली मला ठिवली असती तर?’ आजी बराच वेळ पत्र्याकडं बघत होती. मग म्हणाली, ‘म्याच म्हन्ले, पोरगी न्या, पोरगं ठिवा.’ ताईनं तिच्या ओठांना पाणी लावलं आणि म्हणाली, ‘तेच म्हन्ते मी, दादा-माय कुठं एवढं ठरवत्यात.’ आणि हसली. मी बाहेर जाऊन ओट्यावर बसलो. माझी पदवी, माझी नोकरी, पुण्यातलं घर, सगळं त्या एका वाक्यातून आलेलं. तोवर मला वाटत होतं मी हुशार होतो.

ताईनं ज्याला सांभाळलं त्या भावाला साखरशाळा मिळाली. नव्वदच्या दशकात काही संस्थांनी कारखान्यांच्या तळावर अशा शाळा काढल्या. पत्र्याची शेड, एक फळा, कुणी बारावी झालेली पोरगी बाई म्हणून. भाऊ अजून सांगतो, त्याला तिथं गणित आलं ते मोळ्या मोजून. वजनाची चिठ्ठी वाचणारा आमच्या टोळीतला तो पहिला माणूस, वय नऊ. त्या चिठ्ठीत घट किती लावली हे त्यानं एकदा मोठ्यानं वाचलं, तेव्हा मुकादमानं त्याला कौतुकानं दहा रुपये दिले आणि पुन्हा चिठ्ठी त्याच्या हाती लागू दिली नाही.

मग २००९चा शिक्षण हक्क कायदा आला, २०१०च्या १ एप्रिलपासून लागू झाला. प्रत्येक मुलाला नियमित शाळेत हक्कानं जागा. याहून न्याय्य काय असणार! पण आता लेकरं जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणार, मग वेगळी साखरशाळा कशाला, असं म्हणत बऱ्याच ठिकाणच्या साखरशाळा बंद पडल्या. आणि ‘जवळची’ शाळा फडापासून दोन-तीन किलोमीटर, दोन्ही बाजूंना उभा ऊस. तळ पंधरा दिवसांनी हलतो, शाळा हलत नाही. कायदा चांगला होता, तो फक्त घराचा पत्ता असणाऱ्या मुलासाठी लिहिला होता. गावाकडं हंगामी वसतिगृहं निघाली. नाव वसतिगृह, पण पुष्कळ ठिकाणी शाळेत दोन वेळचं जेवण आणि झोपायला पुन्हा नातेवाइकाच्याच घरी. तरी मी त्यांना नावं ठेवणार नाही. आमच्या गावात त्यामुळं चार वर्षं पोरं मागं राहिली. मुलगे जास्त, मुली कमी. मुलीला जेवायला मिळण्याचा प्रश्न नव्हताच, रात्रीचा होता.

२०२० साली मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली तेव्हा पट्टा पडला नव्हता. टोळ्या तळावर अडकल्या, एप्रिलच्या मध्यावर परतायची परवानगी मिळाली. शाळा बंद, मोबाइल एक, तोही ताईच्या नवऱ्याच्या खिशात. ताईची थोरली पोरगी सोळाची. दहा माणसांत लग्न उरकलं, जेवणावळीचा खर्च वाचला म्हणून सगळे खूश. मला कळवलं ते दुसऱ्या दिवशी. मी फोनवर ओरडलो, कायदा सांगितला, २००६चा, दोन वर्षं सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. ताई ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘तू न्हेली असती का तिला?’ माझ्याकडं वन बीएचके होता, बायको नोकरी करत होती, आमची स्वतःची दोन. मी लगेच काही बोललो नाही आणि तिनं फोन ठेवला नाही. ती वाट बघत होती.

त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्याचा आकडा आहे: विशी ते चोविशीतल्या शंभर बायकांपैकी सुमारे ४४ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं. राज्याचा आकडा २२च्या आसपास, म्हणजे निम्मा. हे छापून आलं की वर्तमानपत्रं मागासलेपणावर लिहितात, प्रबोधनाची गरज सांगतात. आमच्या ताईला प्रबोधनाची काय गरज? बाळंतपणात पोरगी किती कमी वयात मरते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक! जोपर्यंत उचल जोडीला मिळते, एकट्याला अर्धी मिळते आणि मागं ठेवायला दाराची खोली नाही, तोपर्यंत ते लग्न म्हणजे तिच्या हातातला सगळ्यात स्वस्त बंदोबस्त आहे. २०२४च्या सुरुवातीला तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. चांगलं झालं. पण वाढ टनावर झाली. पोरं अजून मोजली गेलेली नाहीत.

अगदीच नाही असं नाही. २०२१ साली राज्यानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना आणली: ४१ तालुके, ८२ वसतिगृहं, मुलांचं वेगळं, मुलींचं वेगळं. वर्षभराची, हंगामापुरती नव्हेत. पन्नास वर्षांत आजीच्या प्रश्नाला सरकारनं दिलेलं हे पहिलं सरळ उत्तर मला वाटतं. इमारती बऱ्याचशा भाड्याच्या आणि जागा मोजक्या. पण दाराला कडी आहे.

गेल्या घटस्थापनेला ताईचा फोन आला. तिची धाकटी आठवीत, तेराची. ‘ठिवू का तुझ्यापाशी?’ मी या वेळी लगेच हो म्हणालो. मग दोन दिवस फोनाफोनी करून तालुक्याच्या वसतिगृहात तिचा अर्ज भरला. घरी ठेवून घेण्यापेक्षा ते बरं, असं मी बायकोला समजावलं, स्वतःलाही. प्रवेश झाला. भाचीनं मला आतल्या लोखंडी कॉटचा फोटो पाठवला, आणि खिडकीचा, आणि कडीचा वेगळा.

पण एक गोष्ट राहिली होती. थोरलीचं पोर आता चालतं. थोरली जावयाबरोबर कर्नाटकात, दुसऱ्या टोळीत. पोर ताईपाशी, आणि ताईपाशी म्हणजे आजवर या धाकटीच्याच कडेवर. तीच त्याला खेळवायची, भरवायची. ती वसतिगृहात गेली. मी विचारलं, ‘ताई, मग नातू कुणापाशी?’

‘मह्यासंगं फडात.’

ट्रक निघायच्या आदल्या रात्री तिनं व्हिडिओ कॉल केला. पोर अंगणात हिंडत होतं आणि सारखा छुमछुम आवाज येत होता. तिनं त्याच्या पायात घुंगराचे वाळे घातले होते, मोठ्या घुंगरांचे, बैलाच्या गळ्यातल्या माळेतून काढलेले.

‘दोरीला रडतंय,’ ताई म्हणाली. ‘ह्ये बरं. उसात गेलं तरी ऐकू येतंय.’